पासवर्डला हात लावण्याआधी घड्याळ बघा

मशीन घरातलं, डेस्कटॉप, विंडोज ११ चं. तक्रारी दोन, त्याही एकदम आलेल्या. क्लाउडच्या खात्यात साइन-इन होत नाही आणि कागदपत्रांचं फोल्डर सिंक होत नाही, म्हणजे मशीन, क्लाउड आणि फोन यांवरच्या प्रती एकसारख्या राहत नाहीत. सिंकचा प्रोग्राम म्हणत होता, ‘साइन-इन करता आलं नाही, पासवर्ड तपासा.’ पासवर्ड बरोबर होता. फोनवर त्याच खात्यात, त्याच पासवर्डने सहज आत जाता येत होतं.

फोनवरच्या या एका चाचणीने अर्धं काम होतं. फोनवर आत जाता येतं, म्हणजे खातं शाबूत, पासवर्ड शाबूत, सेवा चालू. बिघाड एकतर मशीनमध्ये आहे, नाहीतर मशीनपासून इंटरनेटपर्यंतच्या वाटेत. नेमक्या याच ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’वर क्लिक करून नवा पासवर्ड ठेवला की गोंधळ दुप्पट होतो. बऱ्याच सेवा पासवर्ड बदलल्यावर बाकीच्या उपकरणांवरची लॉगिनंही रद्द करतात. मग एक मशीन अडलेलं असतं तिथे तीन उपकरणं अडून बसतात. शिवाय सिंकचा प्रोग्राम मागे चालूच असतो आणि जुनीच ओळख दाखवत पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो. अपयशी प्रयत्न फार झाले तर सेवा खातं काही काळ बंद ठेवू शकते. म्हणून पहिलं काम म्हणजे टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातल्या आयकॉनवरून तो प्रोग्राम ‘क्विट’ करणं. नुसती खिडकी मिटवून तो बंद होत नाही.

त्यानंतर ब्राउझर उघडला, खाजगी खिडकीत, म्हणजे जुन्या कुकीजचा संबंध राहत नाही. सेवेचा पत्ता हाताने टाकला. सिंकच्या प्रोग्रामने जे सांगितलं नव्हतं ते ब्राउझरने पहिल्याच फटक्यात सांगितलं: तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलंय. टास्कबारवर १ जानेवारी २०१८, रात्रीचे १२ वाजून ६ मिनिटं. मशीन चालू करून तेवढीच मिनिटं झाली होती. १ जानेवारी आणि मध्यरात्र अशी गोल तारीख-वेळ दिसली की समजावं, मदरबोर्डवरचं घड्याळ पुसलं गेलंय आणि बायोसने, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने, कारखान्यातली तारीख लावलीय.

वेळेचा आणि लॉगिनचा संबंध काय? सर्व्हर आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. मशीन त्या आपल्याच घड्याळाशी ताडून बघतं. २०१८ मध्ये बसलेल्या मशीनच्या दृष्टीने आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचंय, त्यामुळे सुरक्षित जोडणीच होत नाही आणि पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. तरीही प्रोग्राम ‘पासवर्ड तपासा’ म्हणतो, कारण जोडणी न होणं आणि पासवर्ड नाकारला जाणं या दोन्हींसाठी त्याच्याकडे संदेश एकच आहे. हा आळशीपणा बऱ्याच प्रोग्राममध्ये दिसतो.

हा प्रकार पुढे वाढेल असं वाटतं, कारण प्रमाणपत्रांची मुदत कमी होत चाललीय. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची मुदत चालत होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांच्यात ठरलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. मुदत जितकी छोटी तितकी प्रमाणपत्रं वरचेवर नवी होणार, आणि महिना-दीड महिना मागे असलेलं घड्याळसुद्धा ठिकठिकाणी अडणार.

वर्षांनी चुकलेलं घड्याळ त्यातल्या त्यात बरं, लगेच नजरेत भरतं. जास्त छळतं ते वीस मिनिटांनी चुकलेलं. प्रमाणपत्राच्या तारखा जुळतात, त्यामुळे सगळ्या साइट व्यवस्थित उघडतात. पण लॉगिननंतर मिळणाऱ्या टोकनवरही (पुन्हा पुन्हा पासवर्ड मागू नये म्हणून सेवेने दिलेला डिजिटल पास) ‘कधी दिलं’ आणि ‘कधी संपेल’ अशा वेळा असतात आणि तिथली सूट बहुधा पाच मिनिटांच्या आसपास असते. ब्राउझर ठीक चालतोय आणि एकच प्रोग्राम साइन-इनवर अडतोय, असं दिसलं तर मिनिटंसुद्धा फोनशी ताडून बघावीत.

आता घड्याळ लावणं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, आणि तिथलं ‘सिंक नाऊ’ बटण. दाबलं. झालं नाही. इथे बरेच जण इंटरनेटला दोष देऊन पुढे जातात. खरं कारण वेगळं असतं. विंडोजची वेळ-सेवा घरगुती मशीनवर ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही. कुणीतरी खोटी वेळ देऊन मशीन फसवू नये म्हणून ही मर्यादा आहे. म्हणून ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ बंद करायचं, ‘चेंज’ दाबून तारीख, वर्ष आणि वेळ हाताने एक-दोन मिनिटांच्या अंतरापर्यंत आणायची, मग ऑटोमॅटिक पुन्हा चालू करून ‘सिंक नाऊ’. या वेळी दोन सेकंदांत झालं. तरीही होत नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज टाइम’ चालू आहे का ते बघावं. तीही चालू असेल तर राउटर किंवा फायरवॉल यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट अडवत असेल, कारण वेळेची देवाणघेवाण त्याच पोर्टवरून होते.

हाताने वेळ लावताना एक खड्डा आहे. आधी टाइम झोन बघायचा, मग आकडे. टाइम झोन आठ तासांनी चुकीचा असताना पडद्यावरचे आकडे फोनशी जुळवले, तर घड्याळ दिसतं बरोबर, पण आतली जागतिक वेळ आठ तासांनी चुकते. प्रमाणपत्रं आणि टोकनं याच जागतिक वेळेवर चालतात. ‘घड्याळ तर बरोबर आहे’ म्हणून हा दोष तासन् तास सापडत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर याचंच भावंड भेटतं. लिनक्स सहसा मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरून चालतं, आणि एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ टाइम झोनच्या फरकाइतकं सरकतं.

खात्री करायला काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, वेळ-सेवेला स्टेटस विचारायचं. ‘डब्ल्यू ३२ टीएम’ ही ती कमांड, तिला ‘क्वेरी’ आणि ‘स्टेटस’ हे दोन पर्याय जोडून. उत्तरात ‘सोर्स’ समोर टाइम सर्व्हरचं नाव आलं तर वेळ इंटरनेटवरून आलेली आहे. ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आलं तर मशीन अजून स्वतःच्याच घड्याळावर विसंबून आहे.

वेळ लागली, पण सिंक लगेच चालू केलं नाही. घड्याळ चुकलेलं असताना ज्या फाइल जतन झाल्या त्यांच्यावर २०१८ ची तारीख बसलेली असते. बदलाच्या तारखेवरून ‘नवी कोणती, जुनी कोणती’ ठरवणारे सिंक आणि बॅकअपचे प्रोग्राम अशा फाइलला जुनी समजतात आणि दुसरीकडची खरोखर जुनी प्रत तिच्यावर चढवू शकतात. म्हणून फाइल एक्स्प्लोररमध्ये फोल्डर ‘डेट मॉडिफाइड’नुसार लावून १ जानेवारी २०१८ च्या फाइल शोधल्या. पाच निघाल्या. त्या आधी सिंकबाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या, मग मूळ फाइल एकेक उघडून, एक स्पेस टाकून-काढून पुन्हा सेव्ह केल्या. दहा मिनिटांचं काम.

घड्याळ पुसलं का गेलं, याचं उत्तर शोधायला मशीन बंद करून भिंतीवरचा स्विचही अर्धा तास बंद ठेवला. पुन्हा चालू केलं तर पुन्हा १ जानेवारी. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला.

हा सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा. नावातच माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढ्याच व्यासाचा दिसतो, पण २.५ मिलिमीटर जाड असल्याने क्लिपमध्ये सैल बसतो. तो घेऊ नये. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजलं तर नवा सेल ३ ते ३.३ दाखवतो. हा २.४ वर आला होता. २.७ च्या खाली गेला की बदललेला बरा.

सेल काढण्याआधी दोन गोष्टी फोनवरून उरकून घ्याव्यात, आणि दुसरी फारच थोड्यांना आठवते. एक, बायोसच्या पडद्यांचे फोटो, विशेषतः बूट ऑर्डर (मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम) आणि साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत). सेल काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जाऊ शकतो, साटाचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि निळा पडदा येतो. मोड पूर्ववत केला की झालं, पण पूर्वी कोणता होता ते माहीत पाहिजे. दोन, ड्राइव्हच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे त्यावरच्या माहितीला लावलेल्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की. घरगुती विंडोजवरही डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. बायोसची सेटिंग बदललेली दिसली की विंडोज सुरू होताना ती की मागतं, आणि की ठेवलेली असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, म्हणजे कदाचित ज्या खात्यात या मशीनवरून शिरता येत नाही त्याच खात्यात. फोनवरून आत जाऊन ती कागदावर उतरवून घेतली. त्या दिवशी लागली नाही, पण लागली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं.

सेल बदलणं त्यामानाने किरकोळ. वायर काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आतला उरलासुरला वीजभार रिकामा करायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, क्लिप नखाने बाजूला सारली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नये, टोक घसरून बोर्डावर ओरखडा जातो. लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायरच्या कनेक्टरवर असतो किंवा वेगळा नसतोच.

नंतर मशीन सुरू केलं, घड्याळ नीट, ब्राउझरमध्ये खातं उघडलं. सिंकच्या प्रोग्राममध्ये मात्र अजूनही साइन-इनची खिडकी पांढरीफटक. संदेश बदलला होता, ही चांगली खूण. एक अडथळा गेल्यावर दुसरा दिसायला लागतो. पहिली दुरुस्ती चुकली असा त्याचा अर्थ नसतो.

इथे दोन मिनिटांची चाचणी केली. मशीन घरच्या वायफायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटवर जोडलं. हॉटस्पॉटवर चाललं असतं तर राउटर, त्यातलं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) किंवा जाहिराती अडवणारी एखादी यादी यांच्यावर संशय गेला असता. हॉटस्पॉटवरही पांढरीच खिडकी, म्हणजे दोष मशीनमध्येच. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची वाहतूक ज्याच्यामार्फत जाते तो मध्यस्थ. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू आणि पत्ता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे मशीन स्वतःच. पूर्वी टाकलेलं आणि नंतर काढून टाकलेलं एखादं व्हीपीएन किंवा जाहिरात-फिल्टर असा वारसा मागे ठेवून जातं. प्रोग्राम सगळी वाहतूक त्या पत्त्यावर पाठवतो आणि तिथे ऐकणारं कुणीच नसतं. या मशीनवरचा ब्राउझर फायरफॉक्स होता आणि त्यात ‘प्रॉक्सी नको’ हे वेगळं लावलेलं होतं, म्हणून तो सुटला. स्विच बंद केला, खिडकी भरली.

प्रॉक्सी कोरी असती तर पुढचा संशयित अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणीच्या मध्ये शिरून आपलंच प्रमाणपत्र पुढे करतात. ब्राउझरमध्ये पत्त्याजवळच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र कुणी दिलं ते बघायचं. तिथे अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर त्याचं एचटीटीपीएस स्कॅनिंग तेवढं बंद करून बघावं. सगळा अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नसते.

पासवर्ड टाकला, सहा अंकी कोड मागितला, टाकला, आत. कोडवर अडणाऱ्यांसाठी एवढंच: ऑथेंटिकेटर ॲपचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावरून काढलेला असतो, कॉम्प्युटरच्या नव्हे. उशीर होऊ नये म्हणून फोनचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवणाऱ्यांचे सगळे कोड चुकतात आणि त्यांना कारण कळत नाही. फोनवर वेळ ऑटोमॅटिक करावी.

आत गेल्यावरही दर तासाने पुन्हा साइन-इन मागत असेल, तर क्रिडेन्शियल मॅनेजर उघडून ‘विंडोज क्रिडेन्शियल्स’मधली त्या सेवेचीच नोंद काढावी, मशीन रीस्टार्ट करावं आणि एकदा नव्याने साइन-इन करावं. सगळ्या नोंदी पुसू नयेत. त्यात घरच्या नेटवर्कवरच्या ड्राइव्हचे पासवर्डही असतात. आणि रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केल्यावर विंडोजचा गाभा नव्याने सुरू होत नाही, मागचीच अवस्था उचलली जाते.

लॉगिन मिटलं आणि मग सिंकचा खरा प्रश्न वर आला. या दोन तक्रारी एकत्र आल्या म्हणून एकच वाटत होत्या. साठ-सत्तर फाइल भराभर वर गेल्या आणि तीन अडकल्या. आयकॉनवर नुसतं गोल फिरणारं चिन्ह.

अशा वेळी प्रोग्राम अनइन्स्टॉल करावासा वाटतो, किंवा अडकलेलं फोल्डर डिलीट करून ‘पुन्हा उतरू दे’ म्हणावंसं वाटतं. दुसरा विचार धोक्याचा आहे. सिंक चालू असताना फोल्डर डिलीट केलं की तेच ढगातही डिलीट होतं आणि फोनवरूनही जातं. सेवेच्या ट्रॅशमध्ये फाइल सहसा ३० दिवस राहतात, पण तिथून हजार फाइल परत काढत बसणं कुणाला हवंय? ‘अनलिंक’ किंवा ‘रीसेट’ करायचंच असेल तर आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी, आणि प्रत घेताना एका फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघावं. ‘साइझ’ २.४ एमबी आणि ‘साइझ ऑन डिस्क’ ० बाइट असं दिसलं, तर ती फाइल मशीनवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. आधी ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ती खाली उतरू द्यावी.

अडकलेल्या तिघांपैकी पहिली फाइल मेलच्या प्रोग्रामने उघडी धरून ठेवलेली होती. मेल बंद केला, गेली. मेलची डेटा फाइल मुळात सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवूच नये. ती दिवसभर बदलत राहते आणि दर वेळी पुन्हा वर जाऊ बघते.

उरलेल्या दोन फाइलनी खरा वेळ घेतला. दोन्हींचं नाव एकच दिसत होतं: ‘दुसऱ्या सहामाहीचा हिशेब’. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल विंडोज ठेवू देत नाही, मग या कशा? नावात ‘ऱ्या’ आहे. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, पाय मोडण्याचं चिन्ह आणि ‘या’ असा क्रम टाकतात. काही साधा ‘र’, पाय मोडण्याचं चिन्ह, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘या’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मशीनच्या लेखी एक्स्टेन्शन सोडून पहिलं नाव ६५ बाइटचं, दुसरं ६८ बाइटचं, म्हणजे दोन वेगळी नावं. फाइल फोनवर एका कीबोर्डने बनली होती, डेस्कटॉपवर दुसऱ्याने, आणि सिंकचा प्रोग्राम अदृश्य चिन्हाच्या नावापाशी अडखळत होता. ओळखण्याची युक्ती सोपी. दोन्ही नावं नोटपॅडमध्ये कॉपी करायची आणि एक नाव शोधायला लावायचं. दुसरं सापडत नसेल तर ते वेगळं आहे. दोन्ही फाइल उघडून मजकूर ताडला, जिच्यात शेवटचे बदल होते तिला नवं साधं नाव दिलं, दुसरी सिंकबाहेर हलवली.

देवनागरी नावांची आणखी एक अडचण सांगून टाकतो. विंडोज एका नावात २५५ चिन्हं घेतं. पण घरातलं नेटवर्क स्टोरेज बहुतेक लिनक्सवर चालतं आणि तिथे मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपतं. ‘क्षि’ हे एक अक्षर, चिन्हं चार, बाइट बारा. पत्राचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून ठेवायची सवय असेल तर ही मर्यादा लवकर गाठते. शिवाय तारीख लिहिताना तिरकी रेघ, वेळ लिहिताना विसर्गासारखे दोन ठिपके किंवा प्रश्नचिन्ह नावात चालत नाही. इतर उपकरणांवर चालतं, विंडोजवर येताना अडकतं.

याशिवाय सिंक गप्प बसण्याची कारणं साधी असतात. ढगातली जागा भरली की वर जाणं थांबतं, पण खाली येणं चालू राहतं, त्यामुळे अर्धं चालतंय असा भास होतो. वायफायवर ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा जपून वापरण्याची सेटिंग) किंवा लॅपटॉपवर बॅटरी सेव्हर चालू असेल तर प्रोग्राम स्वतःहून थांबतो. सी ड्राइव्हवर काहीच जागा नसेल तर तात्पुरत्या फाइल बनवता न आल्याने अडतो.

शेवटची चाचणी दोन्ही दिशांनी घेतली. डेस्कटॉपवर एक ओळीची टेक्स्ट फाइल बनवली, फोनवर दिसली. फोनवर तिचं नाव बदललं, डेस्कटॉपवर बदललं. डेस्कटॉपवरून डिलीट केली, फोनवरून गेली. मग मशीन बंद करून भिंतीवरचा स्विच रात्रभर बंद ठेवला. सकाळी चालू केल्यावर इंटरनेट जोडण्याआधीच तारीख बरोबर होती.